नत्रवायूचा पहारा



पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील तारापूर हें नांव इतिहासांत दोन वेळां गाजलें. पहिल्यानें इ. स. १७३९ मध्यें, चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं येथील पोर्तुगीज किल्ला सर केला तेव्हां. आणि दुसऱ्यानें इ. स. १९६९ मध्यें, भारतांतील पहिलें अणुवीजकेंद्र येथें सुरू झालें तेव्हां. आज ज्या पहारेकऱ्याची हकीकत मी सांगणार आहें, त्याचा संबंध या दुसऱ्या तारापुराशीं आहे. या पहारेकऱ्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. तो म्हणजे नत्रवायु. बोईसरचे कामगार त्याला नायट्रोजन म्हणतात. आगीपासून रक्षण करण्याच्या कामीं त्याची नेमणूक कशी झाली, आणि खुद्द त्याच्यावरहि पहारा कां ठेवावा लागतो, हें थोडक्यांत पाहावयाचें आहे.

इ. स. १७७२ मध्यें एडिंबरो येथील डॅनियल रदरफर्ड या तरुण वैद्यानें कोंडलेल्या हवेंत एक उंदीर ठेवला. तो मेल्यावर त्या हवेंत मेणबत्ती व पुढें फॉस्फरस जाळला, आणि उरलेला कर्बवायु क्षारांत शोषून घेतला. तरीहि पुष्कळशी हवा शिल्लक राहिली. तींत दिवा जळेना आणि प्राणी जगेना. पुढें फ्रान्समधील लाव्हाझिए यानें या वायूला ‘आझोत’, म्हणजे ज्यांत जीव राहत नाहीं असा, हें नांव दिलें. ज्योत विझविणें आणि जीव गुदमरविणें हे या वायूचे दोन गुण त्याच्या जन्मकथेंतच एकत्र आले आहेत. पुढील सर्व इतिहास या जोडीचाच आहे.

आपण श्वास घेतों त्या हवेंत सुमारें ७८ टक्के नत्रवायु आणि २१ टक्के प्राणवायु असतो. प्राणवायूचें प्रमाण १२ ते १५ टक्क्यांपर्यंत उतरलें कीं, बहुतेक नेहमींच्या पदार्थांची ज्वाला तग धरीत नाहीं. आगीला पाण्यानें गांठण्यापेक्षां तिचें अन्नच तोडावें, हा विचार त्यांतून निघाला. पाणी सर्वत्र पुरत नाहीं, हें मुंबईनें १४ एप्रिल १९४४ रोजीं पाहिलें. व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गांठी व दारूगोळा एकत्र भरलेला होता. कापूस आंतून धुमसत राहिला, पाण्याचे झोत निष्फळ ठरले, आणि झालेल्या स्फोटांत बंब चालविणारे कित्येक जवान प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आपल्या देशांत अग्निशमन सेवेचा दिवस म्हणून पाळला जातो.

पुढें जगाला आणखी धडे मिळाले. २७ जानेवारी १९६७ रोजीं अमेरिकेंत ‘अपोलो’ यानाच्या जमिनीवरील चांचणींत तीन अंतराळवीर आगींत मेले, कारण त्यांची खोली शुद्ध प्राणवायूनें भरलेली होती. यानंतर उड्डाणतळावर यानांत ६० टक्के प्राणवायु व ४० टक्के नत्रवायु असें मिश्रण भरण्यांत येऊं लागलें. डिसेंबर १९६९ मध्यें तीन प्रचंड तेलवाहू जहाजांवर रिकाम्या टाक्या धुतांना स्फोट झाले. तेव्हांपासून मोठ्या तेलनौकांच्या टाक्यांत निष्क्रिय वायु भरण्याचे आंतरराष्ट्रीय नियम तयार होत गेले.

परंतु हा वायु आणावा कोठून? इ. स. १८९५ मध्यें जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यानें हवा थंड करून तिचा द्रव करण्याची रीत व्यवहारांत आणली, व त्या द्रवांतून नत्रवायु वेगळा काढतां येऊं लागला. मात्र त्यासाठीं मोठा कारखाना व टँकरची वाट पाहणें आलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जागच्याजागीं वायु गाळून देणारीं यंत्रें निघालीं. त्यांची रचना सोपी आहे. काँप्रेसर हवा दाबतो. गाळण्या तींतील धूळ व तेल धरतात. ड्रायर पाणी काढतो. मग ती हवा विशिष्ट कोळशानें भरलेल्या मनोऱ्यांत जाते. कोळशाचीं सूक्ष्म छिद्रें प्राणवायु शोषून घेतात आणि नत्रवायु पुढें जातो. एक मनोरा भरला कीं दुसरा काम करूं लागतो, आणि पहिला दाब सोडून मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारांत कोळशाऐवजीं केसासारख्या बारीक पोकळ तंतूंचा जुडगा असतो. त्याच्या भिंतींतून प्राणवायु लवकर निसटतो.

आगीच्या नळांत या वायूचें काय काम? इ. स. १८७४ मध्यें अमेरिकेंतील हेन्री पार्मली यानें आपल्या पियानोच्या कारखान्यासाठीं आपोआप उघडणारा फवारा केला. पुढें जेथें पाणी गोठतें तेथें नळांत पाण्याऐवजीं दाबलेली हवा भरूं लागले. फवारा उघडला कीं हवा निघून जाते आणि मागून पाणी येतें. पण हवेंतील प्राणवायु आणि नळांच्या तळाशीं राहिलेलें पाणी मिळून लोखंड आंतून खातात. गंज फवाऱ्याचें तोंड बुजवितो, किंवा नळाला भोंक पाडतो. सातपाटीच्या कोळ्याला खारी हवा लोखंडाचें काय करते तें सांगावयास नको. गोठणगृहांतील नळांतहि हाच शत्रु वावरतो. म्हणून हवेच्या जागीं सुमारें ९८ टक्के शुद्ध नत्रवायु भरतात.

तारापुराच्या अणुकेंद्राचाहि या वायूशीं संबंध आला. मार्च २०११ मध्यें जपानच्या फुकुशिमा येथें हायड्रोजनचे स्फोट झाले. त्यानंतर आपल्या अणुवीज महामंडळाच्या अभ्यासगटानें तारापुराच्या जुन्या दोन संयंत्रांचीं आवरणें नत्रवायूनें निष्क्रिय करण्याची शिफारस केली. आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत, जेथें औषधांचे व रंगांचे कारखाने शेजारीं शेजारीं उभे आहेत, तेथें उडनशील द्रावकांच्या टाक्यांवर या वायूचें पांघरूण घालणें ही नित्याची बाब आहे.

याच वसाहतीनें दुःखहि पुष्कळ भोगलें आहे. मार्च २०१८ मधील आग, ११ जानेवारी २०२० चा आठ जणांचे प्राण घेणारा स्फोट, या घटना लोकांच्या स्मरणांत आहेत. २१ ऑगस्ट २०२५ रोजीं बोईसर येथील एका औषध कारखान्यांत वायुगळतीनें चार कामगार गेले. पहिल्या वृत्तांत नत्रवायूचें नांव होतें. कारण कांहींहि ठरो, हें मात्र खरें कीं नत्रवायूचा घात निःशब्द असतो. गुदमरल्याची जाणीव शरीराला प्राणवायु कमी झाल्यानें होत नाहीं, ती कर्बवायु सांठल्यानें होते. नत्रवायूंत श्वास घेणारा माणूस कर्बवायु बाहेर टाकीतच असतो. म्हणून त्याला घाबरें होत नाहीं. प्राणवायु १० टक्क्यांच्या खालीं गेला कीं शुद्ध जाते, ६ टक्क्यांखालीं कांहीं मिनिटांत जीव जातो. पडलेल्याला काढावयास धांवणारा मित्रहि तसाच पडतो. कितीतरी अपघातांत दुसरा आणि तिसरा बळी हा असाच गेलेला असतो.

म्हणून या यंत्राची देखभाल हा मनुष्यरक्षणाचाच भाग होय. गाळण्या वेळेवर बदलाव्या, नाहींतर तेल कोळशांत शिरून त्याची शोषणशक्ति मारतें. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेंत, विशेषतः पावसाळ्यांत, सांठलेलें पाणी रोज सोडावें आणि ड्रायरकडे लक्ष द्यावें. प्राणवायु मोजणारें उपकरण ठराविक काळानें पडताळून घ्यावें, कारण तें बिघडलें तर शुद्धता केवळ कागदावर राहते. नळांतील दाब पुनःपुन्हा उतरत असेल तर गळती शोधावी; यंत्र अधिक वेळ चालवून ती झांकूं नये. यंत्रांतून सुटणारा प्राणवायुयुक्त झोत नळीनें उघड्यावर न्यावा, कारण बंद खोलींत तो आगीला बळ देतो. नत्रवायूच्या गळतीमुळें खोलींतील प्राणवायु १९.५ टक्क्यांच्या खालीं आला तर घंटा वाजली पाहिजे, आणि ती वाजल्यावर श्वसनसाधन लावल्यावांचून कोणींहि आंत जाऊं नये, मग आंत सख्खा भाऊ पडलेला असो.

या वायूला आपण सेवक म्हणूं लागलों. सेवक तो खरा, पण त्याचा जुना स्वभाव गेलेला नाहीं. जो कारखाना हें ध्यानांत ठेवतो, त्याच्या पाळीवरचे लोक संध्याकाळीं बोईसर स्थानकाची वाट धरून सुखरूप घरीं पोहोंचतात.