दुर्योधनाचे पाय

कंबोडिया म्हटलं की आपल्याला अंगकोर वाट आठवतं. पण आज मी बोलणार आहे को केरबद्दल. अंगकोरच्या ईशान्येला साधारण ८० किलोमीटरवर, जंगलात. इ. स. ९२८ ते ९४४ ही ख्मेर राज्याची राजधानी होती. म्हणजे जेमतेम सोळा वर्षं! तेवढ्यात चौथ्या जयवर्मन राजानं इथं सात टप्प्यांचा पिरॅमिड उभा केला.

बहुतेक लोक पिरॅमिड चढतात, फोटो काढतात आणि निघतात. मी मात्र प्रासात चेन या छोट्या मंदिराकडे गेलो. त्याच्या पश्चिमेच्या गोपुरात एकेकाळी अख्खा प्रसंग उभा होता. भिंतीवर कोरलेला नव्हे, तर चहूबाजूंनी फिरून बघता येतील अशा सुट्या दगडी मूर्तींचा. मधोमध भीम आणि दुर्योधन यांचं गदायुद्ध, आणि बघायला बलराम, पांडव वगैरे मंडळी. दुर्योधन उडी मारायच्या बेतात आहे. पुढचा क्षण आपल्याला पाठ आहे: भीम मांडीवर घाव घालणार आणि बलराम खवळणार!

आज तिथं यातलं काहीच नाही. १९७०च्या दशकात, यादवी युद्ध पेटलेलं असताना, चोरांनी मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या. घाईत पाय तेवढे चौथऱ्यांवर राहिले.

आणि त्या पायांनीच चोरी पकडून दिली! २०११ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात एक ख्मेर योद्धा आला. त्याला पाय नव्हते. अभ्यासकांनी चौथऱ्यावरचे पाय आणि मूर्ती यांचा मेळ घातला, तेव्हा कळलं की हा तर प्रासात चेनचा दुर्योधन! कंबोडियानं हरकत घेतली, लिलाव थांबला, प्रकरण कोर्टात गेलं. अखेर २०१४ मध्ये दुर्योधन घरी आला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या म्युझियममधून भीम आणि दुसऱ्या लिलाव कंपनीकडून बलरामही परतले.

मला सगळ्यात जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये दोन मूर्ती होत्या. पाटीवर काय, तर 'गुडघे टेकलेले सेवक'! ते याच प्रसंगातले पांडव होते, असं अभ्यासकांनी ओळखलं. २०१३ मध्ये तेही परत आले. बघा, चोरीत नुसता दगड जात नाही, नावही जातं. भावाचं युद्ध श्वास रोखून बघणारे पांडव परक्या शहरात नोकर ठरले.

आता या मूर्ती बघायच्या तर नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावं लागतं. मी गेलो, तेव्हा आधी खाली, घोट्यांकडेच बघितलं. तुम्हीही कुठल्याही म्युझियममध्ये जुनी मूर्ती बघाल, तेव्हा चेहऱ्याआधी तिचे पाय बघा. ते नसतील, तर ते कुठं राहिले असतील, हे तिथल्या लोकांना जरूर विचारा.

चला, पुढच्या भागात भेटूच!