जिवाणूंचे ठसे आणि प्रशासनाची शिस्त

बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय १८९७ साली कोलकात्यात स्थापन झाले. ठसे त्यापूर्वीही घेतले जात असत. तथापि हजारो ठशांतून नेमका एक शोधून काढता येईल अशी वर्गवारी सिद्ध झाली, तेव्हाच त्यांचा तपासाला खरा उपयोग होऊ लागला. पुढे सुमारे शंभर वर्षांनी अन्नातून पसरणाऱ्या रोगांच्या बाबतीत अमेरिकेला हाच धडा नव्याने गिरवावा लागला.

१३ जानेवारी १९९३ रोजी वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य विभागाला एका डॉक्टरांनी कळविले, की अनेक मुलांना रक्ताचे जुलाब होत असून काहींची मूत्रपिंडे निकामी होत आहेत. ई. कोलाय ओ-१५७ या जिवाणूच्या संसर्गाची सूचना शासनास देणे त्या राज्यात आधीपासूनच बंधनकारक होते. त्यामुळे तपासाची चक्रे लगेच फिरली. 'जॅक इन द बॉक्स' या उपाहारगृह-साखळीच्या हॅम्बर्गरमधील अपुऱ्या शिजलेल्या गोमांसाकडे संशयाची सुई वळली आणि १८ जानेवारीस उरलेला साठा परत मागविण्यात आला.

परंतु हे मांस अन्य राज्यांतही गेले होते. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे नोव्हेंबर १९९२ च्या मध्यापासून रुग्ण होते, हे मागाहून नोंदी चाळल्यावर उमगले. नेवाडातील स्थानिक प्रयोगशाळा तर हा जिवाणू ओळखण्यासाठी लागणारे विशिष्ट पोषक माध्यमच वापरत नव्हत्या. जे शोधलेच जात नव्हते, ते सापडणार कसे? चार राज्यांत मिळून सातशेहून अधिक लोक आजारी पडले व चार मुले दगावली.

या तपासात केंद्रीय आरोग्य संस्था 'सीडीसी' हिने एक जनुकीय पद्धत वापरली. जिवाणूचा डीएनए विशिष्ट विकराने तोडायचा आणि दिशा बदलत राहणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने त्याचे तुकडे जेलमध्ये लांबीनुसार वेगळे करायचे. त्यातून पट्ट्यांची एक नक्षी उमटते, तोच त्या जिवाणूचा ठसा. रुग्णांतील व मांसातील जिवाणूंचे ठसे एकच निघाले.

मात्र प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या मताने वेगळे विकर वा वेगळी वेळ वापरू लागली, तर दोन राज्यांतील ठसे परस्परांशी ताडता येत नाहीत. म्हणून १९९६ साली मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा, टेक्सास व वॉशिंग्टन या चार राज्यांच्या प्रयोगशाळांना घेऊन 'पल्सनेट' हे जाळे उभारण्यात आले. सर्वांची कार्यपद्धती एक, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व गुणवत्ता-चाचणी एक आणि ठशांचा संग्रहही एक. मग दूरदूरच्या गावांतील एकेकटे रुग्ण एकाच दूषित मालाशी जोडता येऊ लागले.

पुढे तंत्र बदलले. २०१३ पासून प्रथम लिस्टेरिया जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यास आरंभ झाला आणि २०१९ मध्ये 'पल्सनेट'ने हीच पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली. जेथे पूर्वी काही पट्ट्या दिसत, तेथे आता ओ-१५७ ची सुमारे ५५ लाख अक्षरे वाचली जातात. यंत्रे बदलली, पण समान पद्धत व सामाईक संग्रह हा पाया तोच राहिला.

आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ३५ अन्वये अन्न प्राधिकरण अधिसूचना काढून, विनिर्दिष्ट क्षेत्रातील डॉक्टरांना अन्नविषबाधेच्या घटना कळविणे बंधनकारक करू शकते. 'करू शकते' आणि 'केले आहे' यांतील अंतर किती मोलाचे असते, हे सॅन दिएगो व नेवाडाच्या अनुभवावरून समजते. जनुके वाचणारे यंत्र पैसे मोजून विकत आणता येते. लहानशा गावातील डॉक्टरने नमुना पाठवावा, प्रयोगशाळेने तो ठरलेल्या पद्धतीनेच तपासावा आणि निष्कर्ष शेजारच्या राज्यास विनाविलंब कळवावा, ही सवय मात्र वर्षानुवर्षांच्या प्रशासकीय शिस्तीनेच अंगी बाणते.