आधी नकार, मग परवाना : मेनफ्रेमच्या साठवणीचा पहारा

१/ चंद्रपूर-गडचिरोलीच्या सरकारी जंगलातील सागवान नाक्यापलीकडे न्यायचे, तर वाहतूक परवाना लागतो. अशा नियमांचा आधार १९२७ चा भारतीय वन अधिनियम. त्याचे कलम ६९ तर सांगते, की वनोपज सरकारचा आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच मानावा. मूळ उत्तर ‘नाही’. ‘होय’साठी कागद हवा.

२/ मोठ्या संगणकांच्या, म्हणजे मेनफ्रेमच्या जगाला हेच तत्त्व आपल्या वाटेने शोधावे लागले. तेथे राखायची होती चुंबकीय फिती आणि डिस्कवरील माहिती. पहिला शत्रू चोर नव्हता, चूक होती.

३/ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मेनफ्रेम आला. इतर संस्थांचे संशोधकही त्यावर काम करीत. एक यंत्र आणि अनेकांच्या फिती, हे त्या काळच्या सर्वच संगणक केंद्रांचे चित्र. चुकीची फीत यंत्रावर चढून तिच्यावर नवे लेखन झाले, की जुनी माहिती कायमची पुसली जाई.

४/ यावरचा उपाय अगदी साधा होता : प्लास्टिकची रिंग. फितीच्या रिळामागील खाचेत ती बसवली, तरच यंत्र फितीवर लिहू शके. एरवी केवळ वाचन. रिंग बसवायला कोणी विसरले तर काम खोळंबे, पण माहिती वाचे. विसरण्याची किंमत कमीत कमी ठेवणे, हे या योजनेचे मर्म.

५/ फीत माणूस हाताने चढवी. डिस्क मात्र यंत्राला जोडलेलीच असे. पुढे एकाच डिस्कला दोन संगणक जोडले जाऊ लागले. दोघांनी एकाच वेळी लिहिले तर नोंदी बिघडणार. म्हणून आयबीएमच्या यंत्रांत डिस्क काही काळ ‘राखून’ ठेवण्याची आज्ञा आली : एकाचे काम संपेपर्यंत दुसऱ्याला दार बंद. नको असलेले उपकरण ‘ऑफलाइन’ करण्याचीही सोय होती.

६/ तरीही चुका घडल्या. अमेरिकेतील एमआयटीच्या सीटीएसएस प्रणालीवर १९६६ मध्ये दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली संपादित करीत होते. दोघांच्या तात्पुरत्या फायलींचे नाव एकच निघाले आणि त्यांची अदलाबदल झाली. त्यानंतर लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसले. कोणीही कुलूप फोडले नव्हते.

७/ १९७६ मध्ये आयबीएमने ‘रॅकएफ’ हा पहारेकरी आणला. कोणती माहिती राखायची, हे त्याला आधी सांगावे लागे. जे सांगायचे राहिले ते उघडे राही. १९७८ मध्ये आलेल्या ‘एसीएफ२’ने क्रम उलटा केला : सारेच बंद, परवानगी असेल तेवढेच उघडे. प्लास्टिकच्या रिंगचे तत्त्व आता सॉफ्टवेअरमध्ये उतरले होते.

८/ मात्र ‘आधी नकार’ म्हटले, की सारी सत्ता परवाना देणाऱ्याच्या हाती जाते. गडचिरोलीतील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर विकायचा, तर वाहतूक परवाना वनखात्याकडूनच घ्यावा लागे. हक्क होता, पण दार दुसऱ्याच्या हाती.

९/ २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे सोपवण्यात आले. नाका उठला नाही, परवानाही रद्द झाला नाही. परवाना लिहिणारा हात बदलला. मेनफ्रेमवरही परवानग्यांची यादी कोण लिहितो, हे पाहिल्यावाचून कुलूप कोणाचे रक्षण करते ते कळत नाही.