प्राचीन इस्राएली पशुयज्ञांतील रक्ताचा अर्थ

पशुबलि म्हणजे अपराध्याच्या जागीं पशूस दिलेला देहदंड, असा प्राचीन इस्राएली यज्ञाचा अर्थ पुष्कळदा सांगण्यांत येतो. लेवीय ग्रंथांतील विधि पाहतां तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. होमबलीच्या पशूवर यजमान हात ठेवी व स्वतःच त्याचा वध करी. याजकाचें काम त्यापुढें, वेदीवर रक्त टाकण्यापासून, सुरू होई. अर्थात् वध हें पूर्वांग, रक्तार्पण हें प्रधान. रक्तांत प्राण आहे म्हणून तें प्रायश्चित्तार्थ वेदीवर नेमिलें, असें कारण १७ व्या अध्यायांत दिलें आहे. वैदिक पशुयागांत रक्त राक्षसांचा भाग ठरतें, हा भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे.

शिवाय ५ व्या अध्यायाप्रमाणें, दोन होले किंवा पारव्याचीं दोन पिल्लेंही ज्यास परवडत नाहींत त्यास पापबलि म्हणून एक दशमांश एफा सपीठ चालतें. याजक त्यांतील मूठभर वेदीवर जाळी. पिठास देहदंड कसा देणार? ‘कोर्बान’ ह्या हिब्रू शब्दाचा धातूही सामीप्यवाचक आहे. तेव्हां देवाच्या समीप जाणें हा हेतु. रक्त हें त्याचें मुख्य, परंतु एकमेव नव्हे, असें साधन होय. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर पाडलें व तेथील यज्ञ थांबले. उपासना मात्र थांबली नाहीं. तिचें बीज त्या मूठभर पिठांतच होतें, असें आम्हांस वाटतें.