बंद करायचं बटण कुठे गेलं?

तुमच्या फोनच्या कडेला जे बटण आहे, त्याने फोन बंद होत नाही. ते फोनला काहीतरी सांगतं आणि पुढे काय करायचं ते फोन ठरवतो. घरातल्या पंख्याचा खटका असा विचार करत बसत नाही. तो पाडला की वीज तुटते, विषय संपला. कॉम्प्युटरच्या बाबतीत खटक्याचं असं बटण साधारण पंधरा वर्षांत झालं. हा सगळा इतिहास एकाच लाकडी खोक्यात बघायचा असेल, तर जुन्या आर्केड मशीनसारखी जागा नाही.

आर्केड मशीन म्हणजे माणसाच्या उंचीचं कपाट. वर झगमगता फलक, मध्ये पिक्चर ट्यूब, खाली दांडा आणि बटणं, त्याखाली नाणं टाकायची फट. १९७२ साली अटारीने कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमधल्या एका बारमध्ये 'पाँग' ठेवला आणि या धंद्याला खरी सुरुवात झाली. 'पाँग'मध्ये प्रोसेसर नव्हता, सॉफ्टवेअरही नव्हतं. नुसत्या चिपा एकमेकींना जोडलेल्या. (सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्याने हे फार मोठ्याने सांगू नये.)

अशा मशीनवर खेळणाऱ्याच्या हाताला सगळं लागायचं, फक्त वीज बंद करायचा खटका नाही. तो पाठीमागे, डोक्यावर किंवा तळाशी दडवलेला असे. कारण सरळ आहे: यंत्र गिऱ्हाइकाचं नव्हतं. चालू-बंद करणं हे मालकाचं काम. शिवाय बऱ्याच मशीनच्या मागच्या दाराला आणखी एक खटका असायचा. दार उघडलं की वीज आपोआप तुटायची, कारण आत पिक्चर ट्यूबचे हजारो व्होल्ट.

रात्री मालकाने खटका पाडला तरी गेमचं काही बिघडत नसे. प्रोग्राम रॉम चिपमध्ये कोरलेला. वीज येवो, जावो, तो तसाच. जायचे ते फक्त स्कोअर. १९७९च्या 'अ‍ॅस्टेरॉइड्स'मध्ये जिंकणाऱ्याला आपली आद्याक्षरं लिहिता यायची, पण ती रॅममध्ये असल्यामुळे सकाळी पाटी कोरी. 'साइनफेल्ड' या मालिकेच्या १९९८च्या एका भागात जॉर्ज जुनं 'फ्रॉगर' मशीन वीज न तोडता दुकानातून बाहेर काढायची खटपट करतो, ती याच भीतीपोटी. विनोद बाजूला ठेवा, तांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं बरोबर होतं.

आता पीसीकडे येऊ. १९८१च्या आयबीएम पीसीच्या उजव्या बाजूला, मागच्या अंगाला, एक मोठा लाल खटका होता. पुढे खटका कॅबिनेटच्या समोर आला, पण तो खराखुरा खटकाच राहिला. पॉवर सप्लायमधून निघालेली जाड वायर थेट समोरच्या बटणापर्यंत यायची आणि तिच्यात घरातली वीज खेळायची. आपल्याकडे २३० व्होल्ट. भंगारातला नव्वदच्या दशकातला असा कॅबिनेट मिळाला, तर त्याच्या बटणाला निष्काळजीपणे हात लावू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो.

अडचण अशी की पीसीचा जीव रॉममध्ये नव्हता, हार्ड डिस्कवर होता. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तोडली तर फायली अर्धवट राहणार. म्हणून विंडोज ९५ काम आवरून काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरात सांगायचं, की आता बंद करायला हरकत नाही. मग माणसाने वाकून खटका पाडायचा. यंत्राने परवानगी द्यायची आणि माणसाने हुकूम पाळायचा, असा तो मजेशीर मधला काळ.

तोडगाही त्याच वर्षी आला. इंटेलच्या १९९५च्या एटीएक्स मानकात मेन वायर बटणापर्यंत येणं थांबलं. पॉवर सप्लायची एक जांभळी वायर मशीन 'बंद' असतानाही मदरबोर्डला ५ व्होल्ट देत राहते. बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात, मदरबोर्ड हिरव्या वायरीला ग्राउंडला जोडतो आणि पॉवर सप्लाय जागा होतो. १९९६च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय हे मानक आणलं. त्यानंतर बटण दाबणं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला कळवणं, एवढंच उरलं. यंत्र ऐकतच नसेल तर? चार सेकंद दाबून धरा. जुन्या खटक्याची तेवढीच आठवण शिल्लक ठेवली आहे.

पुढच्याच फेब्रुवारीत इटलीच्या निकोला साल्मोरियाने 'मेम' प्रसिद्ध केला. जुन्या आर्केड गेमचे रॉम साध्या पीसीवर चालवणारा हा प्रोग्राम. मग हौशी लोकांनी रिकामी कपाटं मिळवली, त्यात पीसी कोंबला आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की पॉवरचं बटण आत, दाराआड राहिलंय. ज्या कपाटाचा खटका बिनधास्त पाडता यायचा, त्याच्या पोटात आता खटका चालत नाही असं यंत्र बसलं होतं.

काम मात्र सोपं आहे. मित्राच्या कपाटासाठी ते करायला आम्हाला चहा गार होण्याइतकाच वेळ लागला. मदरबोर्डच्या त्याच दोन पिनांपासून बारीक वायरची जोडी बाहेर काढायची. व्होल्टेज इतकं कमी असतं की चार-पाच फूट वायर सहज चालते, आणि स्विचला उलट-सुलट नसतं. मूळ बटणही समांतर जोडून ठेवता येतं, दोन्ही चालतात. बटण आर्केडचंच वापरावं. त्याखालच्या मायक्रोस्विचला तीन टोकं असतात: कॉम, एनओ आणि एनसी. वायरी कॉम आणि एनओला. चुकून एनसीला जोडल्या तर यंत्राला वाटतं कोणीतरी बटण दाबूनच धरलंय, आणि बऱ्याचदा ते चालू होऊन चार सेकंदांत मरतं.

बटण कुठे बसवायचं, हा खरा वादाचा मुद्दा. खेळायच्या बटणांशेजारी नको. भावाबहिणींच्या मारामारीत पहिला बळी तेच जाईल. माझं मत कपाटाच्या माथ्यावर, म्हणजे जुन्या मालकांनी खटका जिथे दडवला तिथेच.

२०१२ साली रास्पबेरी पाय आला. स्वस्त, तळहाताएवढा, कपाटात सहज मावणारा. आणि पॉवरचं बटणच नाही. लोक सरळ प्लग उपटायचे आणि मेमरी कार्ड खराब व्हायची, म्हणजे १९८१चीच गोष्ट नव्याने. २०२३च्या पाय ५वर अखेर एक छोटंसं बटण आलं. बोर्डाच्या कडेला दोन रिकामी भोकंही ठेवली आहेत: ज्याला बटण बाहेर काढायचं असेल त्याने वायरी तिथे डाखाव्यात.