पात्यावरचा पाय : आइस हॉकीच्या बुटांचा इतिहास

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात बर्फ दिसतो तो रसवंतीवर आणि गोळ्याच्या गाडीवर, भुशात नाहीतर पोत्यात गुंडाळलेला. अशा गावात राहून बर्फावर घसरण्याच्या बुटांचा इतिहास कुणी लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण खेळाचा इतिहास म्हणजे केवळ सामने, चषक आणि खेळाडूंची नावे नव्हे. खेळाला लागणारी वस्तू कुणी घडवली, ती पायाला कशी बसवली आणि मोडली तर दुरुस्त कुणी केली, हाही इतिहासच आहे, आणि तो बहुतेक वेळा लिहायचा राहून जातो. आइस हॉकीचा माग काढताना माझे एक मत बनले. हा खेळ एखाद्या मुलखात टिकला की नाही, हे तिथल्या थंडीइतकेच तिथल्या कारागिरावर ठरले. ते मत वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख.

हाडापासून पोलादापर्यंत

उत्तर युरोपात बर्फावर घसरण्यासाठी हजारो वर्षे हाडे वापरली गेली. गुरांच्या व घोड्यांच्या पायांची लांब हाडे खालून घासून गुळगुळीत करायची, चामड्याच्या वादीने पायाखाली बांधायची आणि हातातली टोकदार काठी बर्फात रोवून स्वतःला पुढे ढकलायचे, अशी ती रीत. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफन याने लंडन शहराचे वर्णन लिहिले. त्यात गोठलेल्या दलदलीवर असे खेळणारे तरुण आहेत. हाडाला कड नसते. ते घसरते, पण बर्फ धरत नाही, म्हणून काठी हवी.

मध्ययुगाच्या अखेरीस नेदरलँड्सच्या बाजूला लाकडी तळव्यात बसवलेले लोखंडी पाते आले आणि काठी सुटली. पात्याला कड असल्यामुळे पाय तिरका करून बर्फाला रेटा देता येऊ लागला. दोन्ही हात मोकळे झाले. पुढे त्याच हातांत हॉकीची काठी आली. ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियल शहरातल्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये बंदिस्त जागेतला पहिला संघटित सामना झाला असे मानले जाते. पण हाडाच्या जागी पाते आले नसते, तर हा खेळ सुचलाच नसता.

बुटाला पाते धरायचे कसे

पाते मिळाले तरी ते बुटाला घट्ट धरून ठेवण्याचा प्रश्न होताच. वादीने बांधलेले पाते ढिले होई. १८५० च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या ई. व्ही. बुशनेल याने संपूर्ण पोलादी, चिमट्याने बुटाच्या तळव्याला पकडणारा स्केट बनवला. १८६० च्या दशकात कॅनडात नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या डार्टमथ येथील स्टार मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत जॉन फोर्ब्स याने एका खटक्यासरशी बुटावर बसणारा स्केट तयार केला. रोजचा बूट घालायचा, त्याखाली पाते अडकवायचे, खेळ संपला की काढून खिशात टाकायचे. ‘एक्मी’ नावाचे हे स्केट दूरदेशी विकले गेले.

पण रोजचा बूट चालण्यासाठी शिवलेला असतो. पात्यावर उभे राहिल्यावर घोटा आत-बाहेर कलंडतो, तो सावरायला बूटही वेगळा हवा. इथे एका बूट शिवणाऱ्याचे नाव येते. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात ब्रँडन या गावी जॉर्ज टॅकाबेरी नावाचा कारागीर होता. विसाव्या शतकाच्या आरंभी जो हॉल या हॉकीपटूने त्याच्याकडे तक्रार केली की आपले बूट एक हंगामही टिकत नाहीत. टॅकाबेरीने कांगारूचे चामडे घेतले, कारण ते ओले झाल्यावर फारसे सैल पडत नाही. टाच आणि पंजा मजबूत केला, तळव्याच्या कमानीला आधार दिला. त्याच्या नावाचे लहान रूप ‘टॅक्स’ हॉकीच्या जगात बुटाचे नाव बनले. सायकली बनवणाऱ्या कंपन्यांच्या एकत्रीकरणातून १८९९ मध्ये निघालेली सीसीएम ही कंपनी सायकलीची लाट ओसरल्यावर पाती बनवू लागली होती. टॅकाबेरीच्या मृत्यूनंतर तिने हे नाव विकत घेतले.

शेवटचा सांधा १९२७ मध्ये जुळला. त्या वर्षी ऑंटारिओतल्या किचनर येथे बाउअर कुटुंबाने हॉकीचे स्केट बनवायला सुरुवात केली. बूट आणि कायमचे जोडलेले पाते अशी एकच वस्तू विकायला त्यांनी काढली. सायकलवाल्याचे पोलाद आणि चर्मकाराचे चामडे यांतून आजचा स्केट उभा राहिला.

माप : आपली सवय इथे नडते

आपल्याकडे मुलाचे बूट घेताना वाढत्या मापाचे घेतात. यंदा पुढे कापूस कोंबायचा, पुढच्या वर्षी नीट बसतील. शाळेच्या बुटाला हा हिशेब चालतो, स्केटला अजिबात चालत नाही. सैल बुटात टाच उचलली जाते, घोटा कलंडतो आणि मूल बर्फावर उभेच राहू शकत नाही. घरचे म्हणतात, याला हा खेळ जमत नाही. खरे तर त्याला बूट जमलेला नसतो.

हॉकीचा स्केट साधारणपणे रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड माप लहान लागतो. पारखण्याची रीत सोपी आहे. नाडी न बांधता पाय पुढे सरकवावा. बोटे टोकाला टेकल्यावर टाचेमागे एक बोट जेमतेम जावे, दोन गेली तर बूट मोठा. मग टाच मागे ठोकून बसवावी, नाडी बांधावी आणि सरळ उभे राहावे. बोटे पुढच्या टोकाला निसटती लागली पाहिजेत, आणि गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे आली पाहिजेत. मोजा पातळच हवा. जाड मोज्याने ऊब मिळेल ही समजूत चुकीची, कारण घट्ट दाबलेल्या पायात रक्त कमी खेळते आणि तो जास्त गारठतो. आजचे बरेचसे बूट दुकानातल्या खास भट्टीत साधारण ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवून, मऊ असतानाच पायावर आवळतात. थंड होताना ते पायाचा आकार घेतात.

बैलाला पत्री मारताना पाहिलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. खिळा खुराच्या निर्जीव भागातच गेला पाहिजे. जरा आत गेला की जनावर लंगडते. पायाखाली लोखंड बांधायचे तर आधी पाय वाचता आला पाहिजे, हे नालबंदाचे ज्ञान आहे, आणि टॅकाबेरीचे ज्ञानही त्याच जातीचे होते.

धार : एक नव्हे, दोन

आमच्या भागातला ऊसतोड कामगार कोयत्याला कानस लावतो. तिथे एकच धार असते आणि ती जितकी पातळ तितकी बरी. स्केटचे पाते साधारण तीन मिलिमीटर जाड असते आणि त्याला दोन धारा असतात. गोल कडेच्या सहाणचाकावर पाते लांबीने फिरवून त्याच्या मधोमध एक उथळ पन्हाळ काढतात. तिच्या दोन काठांवर आतली आणि बाहेरची कड तयार होते. पन्हाळ किती खोल, यावर खेळ ठरतो. अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची पन्हाळ सर्वसाधारण मानली जाते. त्रिज्या कमी केली तर पन्हाळ खोल होते, कड बर्फ जास्त पकडते, पण वेग घटतो. वाढवली तर घसरण छान, पकड कमी. हलक्या मुलाला खोल आणि जड माणसाला उथळ पन्हाळ सहसा मानवते. दोन्ही कडा एका पातळीत आहेत का, हे पात्यावर नाणे आडवे ठेवून पाहता येते. नाणे कलले तर धार वाकडी लागली.

निगा रोजची असते. खेळ संपला की पाते कोरडे पुसायचे, नाहीतर कडांवर गंज चढतो. नेताना-ठेवताना कापडी आवरण घालायचे. चालताना घालायचे कडक प्लॅस्टिकचे आवरण तसेच ठेवून दिले तर आत पाणी साचते. फरशीवर, सिमेंटवर उघडे पाऊल टाकायचे नाही. चार पावलांतही धार जाते. बूट चुलीजवळ किंवा उन्हात वाळवायचे नाहीत, आतले अस्तर मोकळ्या हवेत सुकू द्यायचे.

हीच धार जीवघेणीही आहे. गोलरक्षक जॅक प्लांट याने १ नोव्हेंबर १९५९ च्या सामन्यात तोंडावर चकती बसल्यानंतर मुखवटा घालूनच पुढे खेळण्याचा आग्रह धरला, आणि मुखवटा रूढ झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे ॲडम जॉन्सन हा खेळाडू सामन्यातच मानेला पाते लागून दगावला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या सर्व स्पर्धांत मानेचे संरक्षण सक्तीचे केले. उपकरणांचे नियम बहुतेक असे रक्त सांडल्यावरच आले आहेत.

लडाख : तीच वाट पुन्हा

भारतात सिमल्याला १९२० पासून नैसर्गिक बर्फाचे मैदान आहे. पण आइस हॉकी खऱ्या अर्थाने रुजली ती लडाखमध्ये. तिथे तळी गोठतात, पण स्केट मिळत नव्हते. तेव्हा लष्करी बुटांच्या तळाला स्थानिक कारागिरांकडून लोखंडी पाती जोडून घेऊन लोक खेळले. बुशनेल आणि बाउअर यांना पडलेला प्रश्न लेहच्या लोहाराने आपल्या हाताने सोडवला. पुढे १९८९ मध्ये भारतीय आइस हॉकी संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य बनली.

नंतर परदेशातून, विशेषतः कॅनडातून, वापरलेले साहित्य भेट म्हणून येऊ लागले. चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारी हेली विकनहायझर २०१८ मध्ये साहित्य घेऊन लेहला आली होती. या मदतीचे मोल मोठे आहे. पण दानात माप निवडता येत नाही. पुरुषांसाठी बनवलेले खांद्याचे आणि छातीचे कवच मुलींना बसत नाही, आणि एकच जोड अनेकींनी आळीपाळीने घातला तर तो एकीच्याही पायाचा होत नाही. त्यात तळ्याच्या बर्फात धूळ-वाळू असते, तिने धार लवकर मरते. अशा स्थितीत भारतीय महिला संघ २०१६ मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, २०१७ मध्ये लोकवर्गणीतून बँकॉकला गेला आणि पहिला विजय मिळवून आला. २०२५ मध्ये अल ऐन येथे त्याने आशिया चषकाचे कांस्यपदक घेतले. या पदकाच्या मागे जुळवून घेतलेले, शिवलेले, पुन्हा पुन्हा धार लावलेले किती जोड असतील, याची नोंद कुठल्याही धावफलकावर नाही.

आपल्या अंगणात

महाराष्ट्रात तळी गोठत नाहीत, पण स्केट आपल्याला अगदी परके नाहीत. शाळेच्या बुटावर पट्ट्याने बांधायचे, चावीने लांब-आखूड करायचे चार चाकांचे पोलादी स्केट अनेक घरांत होते. ती कल्पना चिमट्याच्या स्केटचीच भावंड. आज मुले वापरतात ते एका रांगेतल्या चाकांचे स्केट तर थेट हॉकीतून आले. १९८० च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटातल्या स्कॉट ओल्सन या हॉकीपटूने उन्हाळ्यातही सराव करता यावा म्हणून हॉकीच्या बुटाखाली चाकांची रांग बसवली.

म्हणूनच चाकांवर तयार झालेली आपली मुले बर्फाकडे वळू शकतात. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत लेहच्या बर्फावर महाराष्ट्राचे स्केटर उतरले आहेत. डेहराडूनचे २०११ साली बांधलेले बंदिस्त मैदान अनेक वर्षे बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले, त्यामुळे बर्फ थोडा जवळ आला. पण चाकाला धार लावावी लागत नाही, पात्याला लागते. तो फरक इथल्या प्रशिक्षकाने आधी शिकला पाहिजे. क्लबाने साहित्य घेताना प्रत्येक मुलासाठी नवे, वाढत्या मापाचे बूट घेण्याऐवजी मापानुसार जोडांचा साठा ठेवावा. एकाचा पाय वाढला की तो जोड दुसऱ्याला. आणि धार लावण्याचे काम गावातल्या एका तरी हुशार हाताला शिकवावे. पन्हाळीचे गणित समजले, तर कोयता, वस्तरा, कात्री यांना आयुष्यभर धार लावणाऱ्या माणसाला ते अवघड नाही.

मराठवाड्यातून एखादे मूल लेहला निघालेच, तर त्याच्या पिशवीत चार वस्तू असाव्यात : पायाला नेमका बसलेला जोड, पातळ मोजे, पात्याचे कापडी आवरण आणि एक कोरडे फडके.