आठशे मेंढ्या आणि तीन दिवसांची मुदत

तुम्ही नागपूर-वर्धा रस्त्यावर केळझरला एस.टी.तून उतरता. शुक्रवार, १७ सप्टेंबर १९६५. पोळा होऊन तीन आठवडे झालेत, गणपती उठून आठवडा उलटलाय, पितृपंधरवडा चालू आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी आहे, मधूनमधून तुरीच्या ओळी. देशभर यंदा पावसानं ओढ दिली आहे आणि शेतकऱ्याची नजर दर दहा पावलांनी आभाळाकडे जाते. उंचवट्यावर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. गावातल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की हीच महाभारतातली एकचक्रानगरी. पांडव इथं लपून राहिले आणि भीमानं बकासुर मारला तो इथंच.

एक अट पाळा. पुढं काय घडणार ते तुम्हाला ठाऊक आहे, या गावाला नाही. गप्प राहा.

पंचायतीच्या ओट्यावर बॅटरीवरचा रेडिओ ठेवलाय. संध्याकाळच्या मराठी बातम्यांची वेळ झाली, तशी माणसं गोळा होतात. कुणी धुऱ्यावरून थेट आलाय, हातात अजून विळा आहे. बाया थोड्या अंतरावर, भिंतीच्या कडेला. गेले सतरा दिवस हे रोजचं झालंय. १ सप्टेंबरला पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसले, ६ तारखेला आपलं सैन्य लाहोरच्या दिशेनं सरहद्द ओलांडून गेलं, आणि तेव्हापासून रेडिओजवळ कुणी मोठ्यानं खोकतसुद्धा नाही. युद्ध इथून दूर आहे असं समजू नका. पुलगावचं दारूगोळ्याचं कोठार याच वर्धा जिल्ह्यात आहे. तोफांच्या पोटात जाणारा माल कुठं साठवला जातो, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आजची बातमी मात्र वेगळ्या दिशेची आहे. पेकिंगमध्ये भारताच्या प्रतिनिधीला मध्यरात्री बोलावून चीननं खलिता दिलाय. सिक्कीम-तिबेट सीमेवर चीनच्या हद्दीत भारतानं ५६ लष्करी बांधकामं केली आहेत म्हणे. ती तीन दिवसांत पाडून टाका. शिवाय पळवून नेलेली चार माणसं, ५९ याक आणि ८०० मेंढ्या परत करा. नाहीतर गंभीर परिणामांना तयार राहा. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी संसदेत आरोप नाकारलेत आणि सांगितलंय की चीनच्या बळाला भिऊन भारत आपल्या भूमीचं रक्षण सोडणार नाही.

बातम्या संपतात. कुणीच उठत नाही.

ही शांतता नीट ऐका, कारण नंतरचं हसणं तिच्यातूनच येणार आहे. या ओट्यावरच्या प्रत्येकाला ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ आठवतोय. तेव्हाही याच रेडिओवर आधी बोलाचाली होती आणि २० ऑक्टोबरला चिनी फौजा हिमालय उतरल्या. ईशान्य सीमेवरचं बोमडिला पडलं त्या दिवशी पुढं काय, याचं उत्तर कुणाजवळ नव्हतं. देशभर बायांनी संरक्षण निधीत हातातल्या बांगड्या काढून दिल्या. २१ नोव्हेंबरला चीननं आपणहून लढाई थांबवली आणि त्याच दिवशी महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण दिल्लीत संरक्षणमंत्री झाले. आजही तेच त्या खुर्चीवर आहेत. गेल्या ऑक्टोबरात चीननं अणुबॉम्बची चाचणी केली, हेही सगळ्यांना माहीत आहे. दोन शत्रू दोन बाजूंनी एकदम आले तर? प्रश्न कुणी तोंडानं विचारत नाही, पण शांततेत तो आहे.

मग भिंतीकडून एक म्हातारी विचारते, "किती मेंढ्या म्हन्ल्या, मास्तर?"

"आठशे."

"न् गाई?"

"गाई नाही आजी, याक. हिमालयातलं जनावर. बैलासारखं, पण अंगभर लांब केस."

मेंढ्या राखणारा एक जण आतापर्यंत मागं उभा होता. तो पुढं येतो. आयुष्यभर कळप हाकलेला माणूस आहे, त्याचा प्रश्न धंद्यातला आहे. "आठशे मेंढरं पहाडातून रातोरात पळवली? हाकलाले किती मानसं होते? कुत्रे किती? माह्याजवळची ऐंशी मेंढरं नाला पार कराले अर्धा दिवस घेते. न् मेंढरं पळवून कोनी जर लढाई करत असन, तर थो शिपाई नाही, चोर होय."

कुणीतरी फसकन हसतं. मास्तरही. पण म्हातारी हसत नाही. ती म्हणते, "बकासुरही असाच मागे. गाडाभर भात, दोन रेडे न् एक मानूस. आता हा मेंढरं मागते न् चार मानसं मागते. तवा त्याले कोन गेलतं, माहीत हाये ना?"

आता सगळा ओटा हसतो. मोठ्यानं, छाती मोकळी करून.

सरळ सांगतो, ओट्यावरचे हे बोल कुठं नोंदलेले नाहीत. ही माणसं मी उभी केली आहेत. तारखा, खलिते आणि आकडे मात्र जसेच्या तसे आहेत. आणि एकचक्रेची गोष्ट आईच्या दुधाबरोबर प्यालेल्या गावात जनावरं आणि माणसं मागणारा खलिता ऐकून बकासुर आठवला नसेल, हे मला खरं वाटत नाही.

म्हातारीच्या बोलण्यात नुसती थट्टा नाही, पारख आहे. बकासुराची धमकी पोकळ नव्हती. तो खरंच खात होता. म्हणून एकचक्रेची माणसं पाळी लावून मरत होती. ज्याला खरंच खायचं असतं तो मुदत देत नाही. १९६२ साली चीननं मेंढ्यांचा हिशेब मागितला नव्हता. आज मागतोय, तीन दिवस देतोय, आणि त्या तीन दिवसांत पाकिस्तानावरचा ताण कमी होईल अशी आशा धरतोय. ओट्यावरच्या माणसांना हे राजनीतीच्या भाषेत मांडता येणार नाही. पण ज्यांनी सावकाराची खरी नोटीस आणि नुसता दम यांतला फरक पिढ्यान् पिढ्या ओळखून शेत राखलं, त्यांना धमकीचा पोत बोटांनी कळतो.

पेकिंगला असल्या धमक्यांची सवय आहे, हेही जाणून घ्या. तैवानच्या सामुद्रधुनीत १९५८पासून अमेरिकेची विमानं किंवा जहाजं चीनच्या हद्दीत शिरली की चीन क्रमांक घालून "गंभीर इशारा" देत आलाय. इशाऱ्यांचा आकडा शेकड्यांत गेला, विमानं येतच राहिली, आणि पुढं चीनचा अखेरचा इशारा हा सोव्हिएत रशियातल्या सामान्य माणसांच्या विनोदाचा विषय झाला. मॉस्कोतल्या रांगेत उभ्या असलेल्या बाईनं आणि केळझरच्या भिंतीकडेच्या आजीनं एकमेकींचं नावही ऐकलं नसेल, पण दोघींचा कान सारखाच तयार झालाय. ज्याच्या अंगावरून खरी लढाई गेली आहे, तोच पोकळ धमकीला मोकळेपणानं हसू शकतो, असं मला वाटतं. ज्यांनी लढाई पाहिली नाही ते एकतर घाबरतात, नाहीतर नकाशा हातात घेऊन दुसऱ्याची राजधानी जिंकायच्या गोष्टी करतात. आपल्या आजच्या पडद्यांवर हे दोन्ही प्रकार रोज दिसतात, आणि त्यांच्या गोंगाटात या म्हातारीसारखा शांत प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

रविवार, १९ तारीख. पुन्हा तोच ओटा, गर्दी जास्त. मुदत आज रात्री संपायची. पोरं दिवसभर एकमेकांना "मेंढी दे, नाहीतर पाहून घेतो" म्हणत पळतायत. मोठी माणसं हसतात, पण शेतातून लवकर आलीत. रेडिओ सांगतो की चीननं मुदत वाढवून २२ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत नेली. आणि भारतानं उत्तर दिलंय: बांधकामांची पाहणी दोघं मिळून करू.

"वाढवली!" मास्तर टाळी वाजवतात.

तुम्हाला ठाऊक आहे ते ओट्यावर कुणालाच ठाऊक नाही. याच रात्री पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान आणि परराष्ट्रमंत्री भुट्टो गुपचूप पेकिंगला जातायत. आणि सिक्कीमच्या खिंडींत याच दिवसांत एक निर्णय होतोय, ज्याच्यावर ओट्यावरचं हसणं पुढं टिकणार की नाही हे ठरणार आहे. वरच्या मुख्यालयाचा हुकूम असा, की चीननं हल्ला केला तर सैन्यानं सीमेवरच्या चौक्या सोडून मागच्या मुख्य फळीवर यावं. जेलेप ला ज्या डिव्हिजनच्या ताब्यात होती तिनं हुकूम पाळला आणि खिंड रिकामी केली. शेजारच्या नथू लावर मेजर जनरल सगत सिंग होते. त्यांनी चौकी सोडायला नकार दिला.

२२ तारखेची रात्र जाते. चीनच्या बाजूनं जाहीर होतं की भारतीय सैन्यानं बांधकामं पाडली आणि पळून गेलं, म्हणजे मागणी पुरी झाली. २३ सप्टेंबरला पहाटे साडेतीनला पाकिस्तानशी युद्धविराम होतो. केळझरला सकाळी ही बातमी पोहोचते तेव्हा पहिल्यांदा कुणी टाळी वाजवत नाही. बाया देवळाकडे जातात. पितृपंधरवड्यात या वर्षी किती घरांत नव्या नावानं पान वाढलं जाईल, याचा हिशेब प्रत्येकीच्या मनात आहे. पुणे हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १६ तारखेला पंजाबच्या रणात पडले, ते नाव आता सगळ्यांना पाठ झालंय.

दोन दिवसांनी नागपूरहून आलेलं वर्तमानपत्र मास्तर मोठ्यानं वाचतात. शुक्रवारी, २४ तारखेला, दिल्लीत जनसंघाचे खासदार अटलबिहारी वाजपेयी आठशेच्या आसपास मेंढ्यांचा कळप घेऊन चिनी वकिलातीवर गेले. मेंढ्यांच्या गळ्यात पाट्या होत्या: आम्हाला खा, पण जग वाचवा. मेंढ्यावाला हे दोनदा वाचायला लावतो. दिल्लीच्या रस्त्यावर आठशे मेंढ्या कुणी वळवल्या असतील, याची त्याला खरी काळजी लागली आहे.

इथं क्षणभर थांबा, कारण या प्रसंगाचं मला फार मोल वाटतं. चीननं या मेंढ्यांच्या मोर्चाबद्दलही निषेधाचा खलिता पाठवला, आणि भारत सरकारनं उत्तर दिलं की ही दिल्लीकरांनी उत्स्फूर्तपणे, शांततेनं आणि खेळीमेळीनं व्यक्त केलेली नाराजी होती, सरकारचा तिच्याशी संबंध नाही. लढाई संपून एक दिवस झाला होता. त्या संतापात कुणी वकिलातीवर दगड घेऊनही गेलं असतं. लोक मेंढ्या घेऊन गेले. बलाढ्य राष्ट्राच्या धमकीला नागरिकांनी दिलेलं इतकं सभ्य आणि इतकं सणसणीत उत्तर मला दुसरं आठवत नाही. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, गावाला छळणाऱ्याचा बडगा, म्हणजे पुतळा, करून लोक त्याची मिरवणूक काढतात आणि इडापीडा घेऊन जा म्हणून त्याला गावाबाहेर जाळतात. हसून, वाजतगाजत धमकावणाऱ्याला लहान करणं हे विदर्भाच्या हाडात आहे. त्यामुळे दिल्लीची ही बातमी केळझरला परकी वाटत नाही.

आणखी एकदा पुढं चला. आता १९६७चा सप्टेंबर आहे, या खेपेस गणपतीचे दिवस. त्याच ओट्यावर तोच रेडिओ, आणि बातमीत तेच नाव: नथू ला. सीमेवर तार ओढण्यावरून ११ सप्टेंबरला चिन्यांनी गोळीबार सुरू केला, आपल्या तोफांनी चार दिवस उत्तर दिलं. १ ऑक्टोबरला चो ला इथं पुन्हा चकमक झाली. दोन्ही मिळून भारताचे ८८ जवान गेले. या वेळी आधी इशारा आला होता, पण मुदत नव्हती, मेंढ्यांचा उल्लेखही नव्हता. म्हातारी ओट्याकडे आली असेल तर तिला काय वाटलं असेल, ते मी तिच्या तोंडी घालणार नाही. एवढंच सांगतो की या वेळी ओट्यावर कुणी हसलं नाही.

१९६५ची धमकी पोकळ होती असं आपण आज सहज म्हणतो. केळझरच्या ओट्याचं हसणं खरं होतं, पारखूनच होतं. पण ती धमकी पोकळ राहिली याचं श्रेय निव्वळ चीनच्या स्वभावाला देऊ नका. थोडं श्रेय त्या माणसांचं आहे ज्यांनी बर्फातली एक चौकी सोडली नाही. आपण सोडलेल्या जेलेप लाचा ताबा चीननं १९६५ साली घेतला. नथू ला आपल्याकडेच राहिली. ६ जुलै २००६ला तिथून सीमेपलीकडचा व्यापार पुन्हा सुरू झाला.